साडूच्या हाताखाली

फोरमनची जागा आपलीच, याबद्दल भडक्याला कधी तिळमात्र शंका आली नव्हती. फाउंड्रीत त्याच्याइतका जुना मोल्डर दुसरा कुणी नव्हता, आणि त्याच्याइतका चांगला तर नव्हताच नव्हता. वाळूचा साचा त्याने बांधला की आतून निघणारं लोखंड आरशासारखं निघायचं. त्याचा एखादा साचा बिघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि बिघडला असता तरी आठवण काढायची हिंमत कुणाची झाली नसती. हजेरीवर त्याचं जे काही नाव होतं ते कुणाच्या तोंडी नव्हतं. समोर सगळे त्याला 'थोरले' म्हणत आणि पाठ फिरली की 'भडका'. हे त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून जरा आवडतही होतं.

हा थोरला, म्हणजे धाकला कुणीतरी असणारच. धाकले म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या पाठच्या बहिणीचा नवरा. लग्न झालं तेव्हा तो एका दुकानात गोण्या उचलत होता. भडक्यानेच त्याला फाउंड्रीत आणलं, हातात फावडं दिलं, वाळू चाळायला शिकवलं, चुकला की शिव्या घातल्या आणि शिकला तरी घातल्या. साडू शिव्या खाऊन हसायचा. पुढे तोही मोल्डर झाला, बरा मोल्डर झाला. भडक्याच्या मते 'बरा' ही शेवटची पायरी होती. त्यापुढे साडूची मजल जाणं शक्य नव्हतं.

म्हणून म्हाताऱ्या फोरमनने, तात्यांनी, घरी बसायचं ठरवलं आणि मालकीणबाईंनी दोघा साडूंना एकदमच केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा भडक्याला वाटलं, धाकल्याला टाळ्या वाजवायला बोलावलंय.

"तात्यांशी बोलून मी ठरवलंय," मालकीणबाई म्हणाल्या. नवऱ्यामागे कारखाना त्याच चालवत होत्या आणि बोलण्यात फापटपसारा ठेवत नव्हत्या. "उद्यापासून फोरमन धाकले."

बाईंची जीभ घसरली असं भडक्याला आधी वाटलं. त्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या खिडकीबाहेर पाहत होते.

"आणि मी कोण?" भडका म्हणाला.

"तुम्ही आमचे थोरले. तुमच्यासारखे हात दुसरे नाहीत. पण..."

"पण काय?"

आता तात्या वळले. "हात तुझेच चांगले, गड्या. पण माणसं तुझ्या हाताखाली टिकत नाहीत. गेल्या खेपेला घेतलेले सगळे तुझ्या तोंडाला कंटाळून पळाले. फोरमनला नुसती वाळू कळून भागत नाही."

"आणि खड्ड्याची ती नवी पद्धत," बाई म्हणाल्या, "तळाशी कोळशाचा थर आणि नळ्या. किती माल वाचला आपला! धाकल्यांनी मला किती नीट समजावून दिलं होतं."

इथे भडक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पद्धत त्याची होती! मोठा साचा जमिनीतल्या खड्ड्यात बांधतात. लोखंडाचा तापलेला रस त्यात पडला की वाळूतून वाफ निघते, वायू निघतो, आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर माल फुटतो. कधीकधी माणूसही. भडक्याने डोकं लढवून खड्ड्याच्या तळाशी जळक्या कोळशाच्या खडीचा जाड थर घातला होता आणि त्या थरातून उभ्या नळ्या वर काढल्या होत्या. वाफ खडीत उतरते, खडीतून नळीत शिरते, नळीतून बाहेर. एवढं सोपं, पण ते त्याच्याआधी कुणाला सुचलं नव्हतं. साडू तेव्हा शेजारी उभा राहून फावडं पुढे करत होता.

"सांग ना," तो साडूला म्हणाला, "कुणाची पद्धत ती?"

साडूचा चेहरा उतरला. "बाई, ती दादांचीच. मी तेव्हा 'आम्ही' म्हणालो होतो..."

"हेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "त्यांना 'आम्ही' म्हणता येतं."

भडका केबिनचं दार आपटून बाहेर पडला. दाराची काच फुटली असती तर त्याला बरं वाटलं असतं. काच फुटली नाही.

घरी बातमी त्याच्याआधी पोचली होती. मेव्हणी जवळच राहायची. ती येऊन ताईच्या गळ्यात पडून गेली होती. बायकोची मोठी पंचाईत झाली होती. आनंद करावा तर नवरा समोर, आणि वाईट वाटून घ्यावं तर बहीण डोळ्यांपुढे.

"अहो, घरातच आली ना जागा," ती म्हणाली. "परक्याला गेली असती तर?"

"परक्याला गेली असती तर त्याचं थोबाड फोडून मोकळा झालो असतो. याचं कसं फोडू? उद्या तुम्ही दोघी बहिणी माझ्या नावाने गळे काढाल!"

"तुम्हाला कुणी कमी लेखतंय का?"

"सगळे लेखतात! तूसुद्धा. बघ, हसायला येतंय तुला, दाबून धरलंयस."

तिला हसायला येत नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात ती हसली की तो मान वळवून बघायचा, आणि मग ती हसेनाशी झाली.

संध्याकाळी साडू स्वतः आला. आत न येता उंबऱ्याशीच उभा राहिला. "दादा, तुम्ही म्हणत असाल तर मी उद्या बाईंना नाही म्हणून येतो."

हे ऐकून भडका जास्तच पेटला. नाही म्हणून येतो! म्हणजे याने नको म्हणून टाकलेलं मी उचलून डोक्यावर घ्यायचं!

"कर की फोरमनकी," तो म्हणाला. "मीपण बघतो कशी करतोस."

"तुमच्याशिवाय माझं पान हलायचं नाही."

"मग नको हलू देऊस. बस तसाच."

पण साडूचं पान हललं, चांगलं सळसळायला लागलं. त्याने फार काही केलं नाही. सकाळी आल्यावर प्रत्येकाजवळ दोन मिनिटं उभा राहायचा, कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते त्याच्या लक्षात असायचं, आणि कुणी चुकलं की त्याला बाजूला नेऊन सांगायचा. लोक त्याच्यावर जीव टाकायला लागले. वर क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा, ज्याला सगळे 'वरचा' म्हणत आणि 'वरच्याच्या मनात असेल तरच बादली हलेल' असे विनोद करत, तो माणूस वर्षानुवर्षं कुणाशी धड बोलला नव्हता. तोही आता शिडीवरून उतरून साडूशी गप्पा मारायचा. भडक्याच्या डोळ्यांत हे सगळं कुसळासारखं खुपत होतं. साडूमध्ये थोडी ऐटही आली होती. कामावर येताना केस चापूनचोपून बसवायचा, खिशाला पेन लावायचा. त्या पेनाने तो काय लिहायचा देव जाणे, पण भडक्याला ते पेन उपटून भट्टीत फेकावंसं वाटायचं.

मग ते साच्याचं प्रकरण घडलं. पंपाच्या मोठ्या खोक्याचा साचा भडक्याने बांधला होता. मनात सारखं तेच चालू असल्यामुळे असेल, वाळू ठोकताना एका कोपऱ्यात त्याचा हात सैल पडला. साडूने सहज हात फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला.

"दादा, हा कोपरा जरा मऊ लागतोय. मोडून पुन्हा घ्यावा का?"

"माझा साचा मोडणार? तू?"

"रस आत घुसेल हो."

"तुझ्या डोक्यात घुसलाय तो आधीच! फोरमन झालास म्हणजे माझे हात तपासणार का?"

सगळे काम थांबवून बघत होते. साडूने आवाज चढवला नाही. वाकून त्याने बोटाने कोपरा दाबला, आणि वाळूची भली मोठी ढेप सुटून खाली पडली. कुणी हसलं नाही. हसले असते तर भडका कुणाच्या तरी अंगावर धावून गेला असता आणि मोकळा झाला असता. पण सगळे नजर चुकवून आपापल्या कामाला लागले, आणि हे त्याला फार लागलं. त्यावर कडी म्हणजे मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा साडू म्हणाला, "माझीच चूक बाई. मीच घाई लावली होती दादांना."

भडक्याने हे खांबाआडून ऐकलं. याने मला पदराखाली घेतलं, त्याला वाटलं. ज्याला मी फावडं धरायला शिकवलं, तो माझी चूक पोटात घालतोय. शिव्या परत करता येतात, मार परत करता येतो. ही दया कुठे नेऊन परत करायची? त्या क्षणापासून साडूचं काहीतरी व्हावं असं त्याला वाटू लागलं. आणि काहीतरी व्हावं असं वाटणाऱ्या माणसाच्या हातात ते करायची कला असली, की फार दिवस लागत नाहीत.

कारखान्याने आजवर केलं नव्हतं एवढं मोठं काम आलं. एका अजस्र यंत्राची बैठक ओतायची होती. खड्डा खणला, खडीचा थर पडला, नळ्या उभ्या राहिल्या, वर साचा चढला. ओतायच्या दिवशी सकाळी साडूने प्रत्येक नळीत लांब काठी घालून तळ चाचपला. काठी कोरडी निघाली. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सगळे बाहेर सावलीत डबे उघडून बसले. आत फक्त भट्टीचा घुमणारा आवाज होता.

भडका आत राहिला. वाळू भिजवायचा रबरी पाइप नेहमीसारखा भिंतीशी पडला होता. भडक्याच्या हातात तो पाइप कुणी पाहिला असता तरी कुणाला काही वाटलं नसतं. तो रोजच त्याच्या हातात असायचा. त्याने पाइपाचं तोंड एका नळीत सरकवलं आणि नळ सोडला. मग दुसऱ्या नळीत. पाणी आवाज न करता खडीत उतरत गेलं. किती सोडायचं हे त्याला नेमकं कळत होतं. वरच्या वाळूला ओल दिसता कामा नये, आणि खाली कमीही पडता कामा नये. कामात गुंगलेल्या माणसासारखी त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. एवढं मन लावून त्याने कित्येक दिवसांत काही केलं नव्हतं. काम संपल्यावर त्याने पाइप होता तसा गुंडाळून ठेवला, बाहेर जाऊन डबा उघडला आणि चवीने जेवला.

सुट्टी संपली. भट्टीतून रस काढून मोठ्या बादलीत भरला, आणि वरच्याने क्रेनने बादली उचलून खड्ड्यावर आणली. लाल उजेडाने सगळ्यांचे चेहरे उजळले. साडू काठाशी उभा होता. तिथून त्याने भडक्याला हाक मारली.

"दादा, इकडे या. ही ओत तुम्ही करा."

भडका जागच्या जागी थिजला.

"एवढं मोठं काम पहिल्यांदा होतंय," साडू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पद्धत तुमची, खड्डा तुमचा. इथे उभं राहायचा मान तुमचा. या."

आता एक शब्द पुरे होता. थांबा, म्हणायचं. खडी ओली वाटते, म्हणायचं. उलट शाबासकी मिळाली असती. साडू हात पुढे करून उभा होता, आणि त्या हाताकडे बघून भडक्याच्या मनात दया यायच्या ऐवजी संताप उसळला. मान देतोय मला! स्वतःच्या ताटातलं उचलून वाढतोय, तेही चार लोकांना दाखवून!

"फोरमन तू आहेस," तो ओरडला. "तूच ओत!"

साडू क्षणभर खट्टू झाला. मग त्याने वर हात केला, आणि वरच्याने बादली कलती केली.

रस सुरळीत उतरला. साचा अर्ध्याच्या वर भरला तेव्हा जमिनीच्या पोटातून घरघर ऐकू आली, आणि कुणाला काही कळायच्या आत खड्डा उलटा झाला. वाळू, लोखंड, वाफ, सगळं छताला जाऊन भिडलं आणि जळता पाऊस होऊन खाली आलं. दोघातिघांना भाजलं. साडू काठावरच होता.

सर्वांत आधी धावला तो भडका. त्याच्या स्वतःच्या हातांना फोड आले, पण त्याने साडूला खेचून बाहेर काढलं. का काढलं हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. दवाखान्यात नेताना साडू शुद्धीवर होता.

"दादा," तो म्हणाला, "खड्डा मी बघितला होता ना?"

"बोलू नकोस."

"काठी कोरडी होती. मग माझं चुकलं कुठे?"

भडक्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "नीट बघायला हवं होतं," तो म्हणाला.

साडूने एवढंच ऐकलं असेल. संध्याकाळच्या आत तो गेला.

चौकशी झाली. आग विझवायला मारलेल्या पाण्याने खड्ड्याचा तर चिखल होऊन गेला होता, त्यातून कुणाला काही कळणं शक्य नव्हतं. पण क्रेनचा ब्रेक झिजलेला सापडला, आणि कुणीतरी म्हणालं की बादलीला झटका बसला असेल, रस भसकन पडला असेल. भडक्याला विचारलं. "झटका बसला," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिला." वरच्याला काढून टाकलं. जाताना तो प्रत्येकाला सांगत होता, "माझा हात हलला नाही हो, ते खालून उडालं," आणि सगळे त्याच्याकडे पाठ करत होते.

भडका फोरमन झाला. बाईंपुढे आता दुसरं माणूसच नव्हतं.

आता तरी त्याचा राग शमायला हवा होता. पण मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि साडू मेल्यापासून जास्तच मोठा झाला होता. धाकले असते तर असं केलं असतं, धाकले असते तर तसं बोलले असते. मालकीणबाईंनी त्याचा फोटो केबिनच्या भिंतीवर लावला. भडका आत गेला की तो चापूनचोपून बसवलेले केस घेऊन समोर हजर! लोक त्याच्या हुकमाप्रमाणे वागत, पण हुकमापलीकडे बोटभरही काही करत नसत. एकदा एका मोल्डरला त्याने सगळ्यांसमोर झापलं, तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "धाकल्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं असतं." भडक्याने हातातलं फावडं त्याच्या पायाशी भिरकावलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस कामावर आला नाही.

मेव्हणी त्यांच्याच घरी राहायला आली होती. ती फार रडायची नाही. खिडकीशी बसून काहीतरी निवडायची, शिवायची, आणि मधूनच नवऱ्याविषयी एखादं वाक्य बोलायची. भडका तिच्यासमोर बसायचं टाळायचा.

एका सुट्टीच्या दुपारी दार वाजलं. वरचा आला होता. दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. तो भडक्याकडे न बघता सरळ मेव्हणीला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा. मला कुठे काम मिळत नाही, त्याचं जाऊ द्या. पण तुमच्या माणसाला मी मारलं असं तुम्हाला वाटत असेल, तर मला जेवण जात नाही. बादली हलली नाही. खड्ड्यातच पाणी होतं."

"पाणी कसं असेल, भाऊ?" मेव्हणी म्हणाली. "ते सकाळी स्वतः काठी घालून बघून आले होते. त्यांची नजर किती बारीक होती, तुम्हाला माहीत नाही का? त्यांच्यासारखा मिस्त्री..."

"मिस्त्री!" भडक्याचा तोल गेला. हे नाव, ही स्तुती, त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीसमोर! "कसला मिस्त्री? सकाळी बघून काय दिवे लावले? खरा मिस्त्री असता तर ओतायच्या आधी पुन्हा काठी घातली असती. जेवून आल्यावर सगळ्या नळ्यांत एकदा घातली असती, तर ओलीचिंब निघाली असती!"



"ओली?" वरचा हळूच म्हणाला. "सकाळी कोरडी, आणि जेवणानंतर ओली? थोरले, तुम्हाला कसं कळलं ओली निघाली असती?"

"चालता हो!" भडक्याने त्याला छातीवर हात ठेवून दाराबाहेर ढकललं आणि कडी लावली. वळला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"त्या दुपारी जेवायला उशिरा बसलात म्हणाला होतात," ती म्हणाली. "सगळ्यांचे डबे संपल्यावर. आत काय करत होतात?"

"वाळू भिजवत होतो. माझं काम आहे ते!"

"साचा तर बांधून तयार होता. कुठली वाळू?"

"आता तू शिकव मला वाळू!"

तिने पुढे येऊन त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती, एकांतातसुद्धा नाही.

"तू मारलंस त्याला," ती म्हणाली.

त्याचा हात उठला. ती मागे सरली नाही.

"मार. एवढंच येतं तुला. माझ्या बहिणीला माझ्या घरात आणून बसवलंस, तिच्या हातचं पाणी पितोस, आणि... थू!" ती बहिणीकडे वळली. "ऊठ. या घरात एक क्षण थांबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी काम ऐन भरात असताना दोघी बहिणी फाउंड्रीच्या दारातून आत आल्या. बरोबर वरचा होता, आणि त्याचा हात धरून तात्या होते. बायकोने त्यांना घरून उठवून आणलं होतं. मालकीणबाई केबिनमधून बाहेर आल्या. बायकोने आडपडदा न ठेवता सगळ्यांसमोर सांगितलं. एकेक मोल्डर हातातलं टाकून जवळ आला.

भडका आधी हसला. "बहिणीचं बघून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, बाई. हा क्रेनवाला नोकरीसाठी वाटेल ते बोलणार. कुणी पाहिलं मला? एक माणूस दाखवा."

कुणीच पाहिलं नव्हतं. मालकीणबाई घुटमळल्या. मामला तिथेच संपला असता.

"जाऊ द्या हो बाई," तात्या म्हणाले. ते एका उलट्या पेटीवर बसले होते, श्वास लागला होता. "ताई, तुमचा संताप मला समजतो. पण हे काम याचं नव्हे."

"तात्या!" बायको म्हणाली.

"ऐका तर. मी याला आयुष्यभर बघतोय. समजा कुणी खडीत पाणी सोडलं. तेही इतकं बेताचं, की वर ओल दिसू नये आणि साचा भरत आल्यावरच उडावं. असल्या कामाला डोकं लागतं. याचे नुसते हात चांगले. हे एखादे वेळी धाकल्याला जमलं असतं. ती खडीची पद्धत त्याचीच तर होती."

"त्याची?" भडका म्हणाला.

"त्याचीच की. तू फावडं धरून उभा होतास शेजारी."

"त्याची?" भडक्याच्या कपाळावरची शीर तटतटली. "अहो, त्याला त्या थरात किती पाणी मावतं ते तरी माहीत होतं का? या छपराखाली कुणाला माहीत होतं? पाइप किती वेळ धरायचा, किती नळ्यांत सोडायचं, कुठल्या नळीत सोडायचं नाही, सांगून दाखवा ना! कडेची नळी मी कोरडी ठेवली, का ठेवली? कुणी घाईत एकच नळी तपासली तर काठी तिथेच घालणार म्हणून! हे डोकं नव्हे? त्याला सात जन्मांत सुचलं नसतं! माझी पद्धत होती, माझा खड्डा होता, आणि..."

तो थांबला. पण थांबण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तात्यांनी मान खाली घातली. ते त्याला फार वर्षं ओळखत होते. कुठे बोट ठेवलं की हा ओरडतो, हे त्यांना पाठ होतं.

मेव्हणी पुढे आली. वाकून तिने दोन्ही मुठींत वाळू उचलली आणि भडक्याच्या तोंडावर फेकली. मग पुन्हा वाकली, पुन्हा फेकली. तिला कुणी अडवलं नाही. "भाऊजी," ती दर खेपेला म्हणत होती, "भाऊजी, भाऊजी," आणि तो शब्द तिच्या तोंडून शिवीसारखा येत होता. मालकीणबाईंनी पोलिसांना बोलवायला सांगितलं, तेव्हाही ती फेकतच होती. शेवटी ताईने तिचे हात धरले.

खटला फार लांबला नाही. कोर्टात भडक्याने आधी सगळं नाकारलं. मग सरकारी वकील म्हणाला, आरोपीने साधी युक्ती केली. त्यावर आरोपी पिंजऱ्यातून ओरडला की ती साधी नव्हती. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

बायको तुरुंगात त्याला भेटायला एकदाच आली. ती समोर बसते न बसते तोच त्याने विचारलं, "फोरमन कुणाला केलं?"

"वरच्याला," ती म्हणाली.

"वरच्याला? क्रेनवाल्याला?" त्याने टेबलावर मूठ आपटली. "त्याला वाळूतलं काय कळतं? बाईंचं डोकं फिरलंय! एक साचा धड निघायचा नाही. तो साला आयुष्यभर वर बसून..."

"आम्ही दोघी हे गाव सोडतोय," ती म्हणाली. "घराची किल्ली शेजारी दिली आहे. एवढंच सांगायला आले होते. यापुढे मी येणार नाही."

"...वर बसून खुंट्या ओढणारा माणूस! आणि ते बाकीचे त्याच्या हाताखाली काम करतात? मान खाली घालून? त्यांना लाज नाही वाटत?"

ती उठली, पदर सावरला आणि दाराकडे चालू लागली. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा भडका त्याच्यावरच खेकसला, "थांब जरा! माझं बोलून व्हायचंय अजून!"

शिपायाने त्याला दंडाला धरून उठवलं. ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं.